युवक मंडळाचे वर्ष : धर्मापुरीच्या परिसरातून

बीड जिल्ह्यात वर्ष दोन ठिकाणी सुरू होते. शासकीय कार्यालयांच्या दप्तरात ते १ एप्रिलला उघडते आणि ३१ मार्चला मिटते. गावात मात्र ते ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या की सुरू होते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास त्या पुन्हा कारखान्यांकडे निघाल्या की निम्मे ओस पडते. धर्मापुरी आणि तिच्या परिसरातील युवक मंडळांचे कार्य समजून घ्यावयाचे असेल तर ही दोन वर्षे एकमेकांत कोठे बसतात, आणि विशेषतः कोठे बसत नाहीत, हे प्रथम पाहावे लागते. मंडळांचे यशापयश बहुतांशी त्यावर अवलंबून असते.

धर्मापुरी हे परळी तालुक्यातील गाव. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा परिसर. जमीन काही ठिकाणी काळी व कसदार, काही ठिकाणी नुसता मुरूम. पाऊस मात्र सर्वत्र बेभरवशाचा. गावात कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील केदारेश्वराचे मंदिर आहे. त्याच्या बाह्य भिंतींवरील सुरसुंदरींची शिल्पे पाहण्यासाठी अभ्यासक लांबून येतात. किल्लाही आहे. एवढे वैभव ज्या गावाच्या वाट्याला आले, त्याच गावाच्या पंचक्रोशीतील तरुण वर्षातील पाच-सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यातील उसाच्या फडात कोपी करून राहतात, ही या भागाची वस्तुस्थिती होय. युवक मंडळांचा विचार हवेत करता येत नाही, तो या वस्तुस्थितीच्या संदर्भातच करावा लागतो.

जुनी परंपरा

तरुणांनी एकत्र येऊन गावासाठी काही करावे, ही कल्पना मराठवाड्यात शासनाच्या कोणत्याही योजनेहून जुनी आहे. निजामी राजवटीत सभा-संमेलनांवर कडक निर्बंध होते. १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ अन्वये पूर्वपरवानगीविना सभा घेता येत नसे. अशा काळात तालीम, वाचनालय आणि गणेशोत्सवातील मेळे हीच तरुणांच्या एकत्र येण्याची ठिकाणे होती. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखविणे हेदेखील त्या काळी सार्वजनिक कार्यच होते. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ मध्ये अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक म्हणून आले आणि त्या शाळेतून घडलेले अनेक तरुण पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. तोवर वाचनालय व आखाडा यांचे संस्कार खेडोपाडी रुजलेले होते.

पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रमास प्रारंभ झाला, तेव्हा गावोगाव युवक मंडळे स्थापन करण्याचा विचार शासकीय पातळीवर प्रथमच व्यवस्थितपणे मांडला गेला. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. परंतु महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेल्या ग्रामीण तरुणाचे काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर म्हणून १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, नेहरू युवा केंद्रांची योजना पुढे आली. महाराष्ट्रात ते वर्ष भीषण दुष्काळाचे होते, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. मराठवाड्यातील हजारो तरुण त्या वर्षी खडी फोडण्याच्या कामावर होते. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, मराठवाडा विकास आंदोलनात याच पिढीने आपला असंतोष व्यक्त केला.

नेहरू युवा केंद्रांचे १९८७ मध्ये एका स्वायत्त संघटनेत रूपांतर झाले व संस्था नोंदणी अधिनियमाखाली तिची नोंदणी करण्यात आली. जिल्ह्याच्या ठिकाणी एक लहानसे कार्यालय, तालुक्यात दोन स्वयंसेवक आणि गावात युवक मंडळ व महिला मंडळ, अशी त्याची साधी रचना होती. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘मेरा युवा भारत’ या नव्या स्वायत्त संस्थेची स्थापना केली. पंधरा ते एकोणतीस वयोगटातील तरुणांसाठी असलेले पूर्वीचे काम आता प्रामुख्याने या नावाखाली चालते. फलकावरील नाव बदलले, तरी गावातील मंडळापुढील प्रश्न तेच आहेत.

मराठवाड्यात शासनाबाहेरील प्रयत्नही झाले. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी अनेक कार्यकर्ते घडविले. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये अंबाजोगाई येथे ‘मानवलोक’ ही संस्था सुरू केली, तिच्यामागेही युवक चळवळीतील अनुभवाची शिदोरी होती. पाणी, शेती व स्त्रियांचे प्रश्न घेऊन ही संस्था परिसरातील खेड्यांत गेली. गावातील एखादे मंडळ केवळ शासनाच्या परिपत्रकावर जगत नसते, जवळपास अशी जाणती संस्था असली की त्यास आधार मिळतो.

नोंदणी आणि तिचे पथ्य

युवक मंडळ म्हणजे काय, याविषयी गावात बराच गैरसमज आढळतो. गणेशोत्सवापुरते एकत्र येणारे मंडळ, क्रिकेटचा संघ किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लावणारे मित्रमंडळ हे युवक मंडळ नव्हे. ज्याला घटना आहे, सभासदांची यादी आहे, निवडून आलेली कार्यकारिणी आहे आणि हिशेब आहे, ते मंडळ. किमान सात प्रौढ व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये नोंदणी करू शकतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमान्वयेही नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. मंडळाला नफा वाटून घेता येत नाही. शिल्लक पडेल ती मंडळाच्या उद्दिष्टांसाठीच खर्च करावी लागते.

इथवर फारसे अवघड नाही. नोंदणी मोठ्या उत्साहाने होते, प्रमाणपत्राची चौकट करून ती भिंतीवर लावली जाते. अडचण सुरू होते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी. अध्यक्षाला पुण्यास नोकरी लागते, सचिवाचे लग्न होऊन तो टोळीबरोबर जातो, कोषाध्यक्ष पोलीस भरतीत निवडला जातो. कार्यकारिणीत असा बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत बदल अहवाल दाखल करावयाचा असतो. दरवर्षी हिशेबतपासनीसाकडून हिशेब तपासून घेऊन तो सादर करावयाचा असतो. हे दोन कागद राहून गेले की मंडळ कायद्याच्या दृष्टीने जुन्याच माणसांचे राहते. बँकेतील खात्यावर सही करण्यास कोणी उरत नाही, अनुदानाचा अर्ज परत येतो आणि चांगले काम करणारी मुले केवळ कागदाअभावी थांबतात. मराठवाड्यात बंद पडलेली मंडळे शोधली, तर भांडणाने मोडलेली थोडी आणि बदल अहवालाअभावी निजलेली पुष्कळ सापडतील, असे म्हणण्यास हरकत नाही. दर दिवाळीपूर्वीच्या सभेत, म्हणजे सर्व सभासद गावात असतानाच, पुढील वर्षाची कार्यकारिणी निवडून तिचा अहवाल त्याच महिन्यात पाठवावा, हा यावरचा सर्वांत सोपा उपाय होय.

वर्षाचा क्रम

जिल्हा केंद्राचा वार्षिक आराखडा ठरलेला असे. युवा मंडळ विकास अभियान, युवा नेतृत्व व समुदाय विकासाचे प्रशिक्षण, तालुका व जिल्हा पातळीवरील क्रीडा स्पर्धा, मंडळांना क्रीडासाहित्याचे वाटप, मुलींसाठी शिवणकामासारखे कौशल्य वर्ग, लोककलांचे कार्यक्रम, पास-पडोस युवा संसद, राष्ट्रीय महत्त्वाचे दिवस, आणि वर्षाच्या अखेरीस उत्कृष्ट मंडळाचा पुरस्कार. स्वामी विवेकानंदांची जयंती, १२ जानेवारी, ही १९८५ पासून राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळली जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने तेच वर्ष आंतरराष्ट्रीय युवा वर्ष म्हणून जाहीर केले होते. युवा दिनापासून सुरू होणारा युवा सप्ताह हा मंडळांच्या वर्षातील ठळक टप्पा मानला जातो.

आता गावाचे वर्ष पाहावे. मृगाचा पाऊस पडला की पेरणी; या दिवसांत तरुण मोकळा नसतो. श्रावणात थोडी उसंत मिळते. सप्ताह, पारायणे, गणपती या सर्व प्रसंगी मनुष्यबळ गावातच असते. पोळ्याच्या आसपास मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात, उचल दिली-घेतली जाते, आणि पुढील सहा महिन्यांचा निर्णय तेथेच होऊन जातो. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. त्या परततात फाल्गुन-चैत्रात. म्हणजे युवा सप्ताह येतो तेव्हा गावातील ज्या तरुणांसाठी तो आहे, त्यांच्यातील बरेच जण फडावर मोळ्या बांधत असतात. शिवाय आर्थिक वर्ष संपत आल्याने राहिलेले सर्व कार्यक्रम जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत उरकण्याची घाई सर्वच खात्यांत असते. ‘मार्चअखेर’ या शब्दाचा परिचय कोणत्याही शासकीय सेवकाला करून द्यावा लागत नाही. परिणामी शिबिरास उपस्थिती होते ती मुख्यतः शाळा-महाविद्यालयांतील मुलांची. ते अयोग्य नव्हे. परंतु ज्यांच्यासाठी ही केंद्रे काढली गेली, तो शाळा सुटलेला तरुण हजेरीपटावर दिसत नाही.

ज्या मंडळांनी हे ओळखले त्यांनी आपल्या कामाची दोन भागांत विभागणी केली, तर त्यात शहाणपण आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे गावात सर्व हात असतानाचे महिने. श्रमदान, क्रीडास्पर्धा, सभा, निवडणूक, सर्वेक्षण यांसाठी. नोव्हेंबर ते मार्च हे मागे राहिलेल्यांचे महिने. म्हाताऱ्यांचे, मुलांचे आणि शिकणाऱ्या तरुणांचे.

मागे राहणारी मुले

या दुसऱ्या भागातील काम दिसावयास लहान असले तरी त्याचे मोल मोठे आहे. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे एक जोडपे. आई व वडील दोघेही जातात, तेव्हा मुलाने कोठे राहावे, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो. ते बरोबर गेले की शाळा सुटते. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांनी गावातच राहून शिकावे यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत त्याच्या जेवणाची सोय होते. जे मूल आई-वडिलांबरोबर जाईलच, त्याच्यासाठी शिक्षण हमी पत्रक असते. ते दाखविल्यावर कारखान्याजवळच्या शाळेने त्यास प्रवेश द्यावयाचा असतो.

योजना चांगली, परंतु तिचा पाया यादीवर आहे. कोणते कुटुंब जाणार, त्यात शाळेच्या वयाची मुले किती, घरी म्हातारे माणूस आहे काय, ही यादी टोळी निघण्यापूर्वी तयार झाली तरच वसतिगृह वेळेवर सुरू होते. दिवाळीच्या सुटीनंतर शिक्षक शाळेत येतात, तेव्हा गाड्या निघून गेलेल्या असतात. उचल कोणी घेतली, हे गावातील तरुणांना मात्र सप्टेंबरमध्येच ठाऊक असते. युवक मंडळाने पोळ्यानंतरच्या पंधरवड्यात घरोघर जाऊन ही यादी करावी आणि मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी, एवढे एकच काम वर्षभरात झाले तरी त्या मंडळाने आपले अस्तित्व सार्थ केले असे मानावे लागेल. त्यास अनुदान लागत नाही. एक वही आणि दोन सायंकाळ पुरतात. संध्याकाळी अशा मुलांचा अभ्यास घेणे, आजारी पडल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणे, आठवड्यातून एकदा आई-वडिलांशी दूरध्वनीवर बोलणे करून देणे, ही त्यापुढील कामे.

मुलींचा प्रश्न अधिक नाजूक व अधिक गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातील मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे अवघे ८०७ आढळले, आणि ते राज्यात सर्वांत कमी होते. २००१ मध्ये ते ८९४ होते. दहा वर्षांतील ही घसरण पाहून राज्य हादरले. २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपत येथे सुरू झालेल्या ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ अभियानात बीडचा समावेश पहिल्या शंभर जिल्ह्यांत करण्यात आला. बालविवाहाचे चित्रही समाधानकारक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाले होते.

यामागे केवळ अज्ञान आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. कोयता जोडप्याचा असतो, एकट्या मुलाला उचल मिळत नाही. वयात आलेली मुलगी मागे एकटी ठेवण्यास आई-वडील धजावत नाहीत आणि फडावर नेणेही त्यांना सुरक्षित वाटत नाही. म्हणून हंगामापूर्वी लग्न उरकले जाते. तेव्हा बालविवाह रोखावयाचा तर त्या मुलीच्या राहण्याची व शिकण्याची सोय हा त्याचा अर्धा भाग होय, उरलेला अर्धा कायदा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमानुसार मुलीचे वय अठरा व मुलाचे एकवीस पूर्ण असावे लागते. गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची जबाबदारी निश्चित केलेली आहे, ज्यांचे पदनाम २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी असे झाले. बालकांसाठीच्या १०९८ या क्रमांकावर कोणीही, नाव न सांगताही, कळवू शकतो.

येथे युवक मंडळाची परीक्षा होते. नवरा मुलगा पुष्कळदा मंडळाचाच सभासद असतो! मंडपात पंगतीला बसणारे, वाजंत्री ठरविणारे, पत्रिका वाटणारेही मंडळाचेच. एखाद्या मंडळाने ‘आमच्या सभासदाचा विवाह वयाच्या एकवीस वर्षांपूर्वी होणार नाही, आणि अल्पवयीन मुलीच्या लग्नात आम्ही वाढप करणार नाही’ एवढा ठराव इतिवृत्तात लिहिला, तर त्याचा प्रभाव भित्तिपत्रकांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त पडतो. भावकीत वाईटपणा येतो, हे खरे. म्हणूनच असा ठराव एकट्याने न करता सर्वांनी मिळून करावा लागतो. मुलींचे स्वतंत्र मंडळ असेल तर बातमी आधी त्यांना कळते. पुष्कळ गावांत मंडळ म्हटले की केवळ मुलांचे, हे चित्र अद्याप बदललेले नाही. क्रीडासाहित्याच्या पेटीत व्हॉलीबॉल येतो, पण मैदानावर मुलींसाठी वेळ राखून ठेवलेली नसते.

पाणी, मैदान आणि दगड

पाण्याच्या कामात तरुणांनी काय करता येते याचा अनुभव या परिसराने जवळून घेतला आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले होते. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा सुरू केली, तेव्हा पहिल्या वर्षी निवडलेल्या राज्यातील तीनच तालुक्यांत शेजारच्या अंबाजोगाईचा समावेश होता. कोरेगाव व वरुड हे इतर दोन. ऐन उन्हाळ्यात, म्हणजे टोळ्या परतल्यानंतर, ही स्पर्धा होत असे. गावाच्या वर्षाशी जुळणारा कार्यक्रम कसा असतो याचे हे उदाहरण. समपातळी चर खणण्यापूर्वी नळीच्या साध्या उपकरणाने उतार मोजण्याचे शिक्षण गावकऱ्यांना देण्यात आले होते, ही गोष्ट विशेष महत्त्वाची. न मोजता खणलेला चर पहिल्याच वळवाच्या पावसात माती घेऊन जातो. माथ्यापासून पायथ्याकडे, हा क्रम पाळावयाचा. पहिला पाऊस झाला की कोठे पाणी तुंबले, कोठे बांध फुटला, याची फेरी मंडळाने करून नोंद ठेवावी. श्रमदानाची छायाचित्रे सर्वांकडे असतात, दुसऱ्या वर्षी गाळ काढल्याची नोंद क्वचितच सापडते.

मैदानाची मागणी सध्या वेगळ्याच कारणाने वाढली आहे. पहाटे परळी-अंबाजोगाईकडील कोणत्याही रस्त्यावर धावणारी मुले-मुली दिसतात, ती पोलीस भरतीच्या तयारीची. मुलांना सोळाशे मीटर व मुलींना आठशे मीटर धावणे असते, शिवाय शंभर मीटर व गोळाफेक. डांबरी रस्त्यावर, वाहनांच्या उजेडात धावणे धोक्याचे. ग्रामपंचायतीने गायरानातील तुकडा दिला आणि मंडळाने त्यावरील दगड वेचून चुन्याने धावपट्टी आखली, तर तोही उपक्रम ठरतो. त्याच्या जोडीला अभ्यासिका हवी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली ‘ड’ वर्गापासून गावाच्या ग्रंथालयास मान्यता व अनुदान मिळू शकते. निजामी काळात वाचनालय चालविणाऱ्या आजोबांच्या नातवंडांना ही गोष्ट परकी वाटू नये.

धर्मापुरीपुरते बोलावयाचे तर मंडळापुढे आणखी एक काम हात जोडून उभे आहे. मंदिराच्या व किल्ल्याच्या परिसराची स्वच्छता करण्याची इच्छा तरुणांना होते, ती स्तुत्यच. परंतु अशी प्राचीन वास्तू म्हणजे गावची चावडी नव्हे. शिल्पे तारेच्या ब्रशने घासणे, आम्लाने धुणे, त्यांवर तेलरंग किंवा चुना देणे, यांमुळे शतकानुशतके टिकलेली कारागिरी एका दुपारीत नष्ट होते. भिंतीतून उगवलेले पिंपळाचे रोप उपटले, तर मुळाबरोबर दगडही हलतो. यासाठी पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करून त्यांच्या देखरेखीखाली काम करावे. परिसरातील गवत कापणे, कचरा व प्लास्टिक उचलणे, सुटे पडलेले शिल्पखंड जागेवरच राहू देऊन त्यांची छायाचित्रांसह यादी करणे, येणाऱ्या प्रवाशांना माहिती सांगणे, एवढे मंडळाने निःशंकपणे करावे. महाशिवरात्रीच्या आधी ही कामे उरकल्यास गर्दीच्या दिवशी तरुणांना व्यवस्थेकडे लक्ष देता येते.

परिणाम कसा मोजावा

वर्षाच्या अखेरीस प्रत्येक मंडळाकडून अहवाल मागविला जातो. किती कार्यक्रम, किती सहभागी, किती झाडे, किती रक्तपिशव्या. आकड्यांशिवाय कारभार चालत नाही. तथापि ज्या रकान्यात ‘झाडे लावली : २००’ असे लिहिले जाते, त्याच्या शेजारी ‘पुढील मे महिन्यात जिवंत’ असा दुसरा रकाना नसतो. वृक्षारोपण जुलैमध्ये होते आणि अहवाल मार्चमध्ये पाठविला जातो. झाडाची खरी परीक्षा त्यानंतरच्या एप्रिल-मेमध्ये असते. मंडळाने आपल्यापुरती एक वेगळी वही ठेवावी. तीत चार-पाच प्रश्न पुरेत. दिवाळीनंतर शाळेत किती मुले टिकली? आठवीतून नववीत गेलेल्या मुलींपैकी किती जणी अद्याप शाळेत आहेत? मागील वर्षीच्या चरांत पाणी किती दिवस थांबले? बदल अहवाल गेला काय? आणि ज्यांनी पंधरा दिवसही गावात काढले नाहीत, अशा सभासदांपैकी किती जण परत आल्यावर सभेस आले?

शेवटचा प्रश्न गौण वाटेल, पण तो तसा नाही. टोळीबरोबर गेलेला तरुण परत येतो तेव्हा मंडळ पुढे गेलेले असते, पदे वाटली गेलेली असतात, आणि ‘तू तर नव्हतास’ हे वाक्य त्यास ऐकावे लागते. पुढल्या वर्षी तो येत नाही. हळूहळू मंडळ शिकलेल्यांचे व घरची परिस्थिती बरी असलेल्यांचे होऊन बसते. यास्तव काही जाणत्या कार्यकर्त्यांचा आग्रह असतो की वार्षिक सर्वसाधारण सभा गुढीपाडव्यानंतर घ्यावी आणि कार्यकारिणीतील निदान दोन जागा ऊसतोडीस जाणाऱ्या सभासदांसाठी ठेवाव्यात. घटनेत तशी दुरुस्ती करण्यास कायद्याची आडकाठी नाही. दिवाळीपूर्वी निवडणूक आणि पाडव्यानंतर हिशेबाची सभा अशा दोन सभा ठेवल्या, तर दोन्ही गोष्टी साधतात. एप्रिलमध्ये शासकीय वर्षही नुकतेच उघडलेले असते, आणि जिल्हा कार्यालयाकडे पुढील आराखड्यासाठी मागणी नोंदविण्यास हीच वेळ योग्य असते.